भिंगरी पाणी प्यायला लागली

शर्टाला कॉलर लावणं म्हणजे पोरखेळ नव्हे. दोन्ही टोकं सारखी बसली नाहीत तर चांगला धडधाकट माणूस मान लचकल्यासारखा दिसतो. शिलाईच्या कारखान्यात हे काम भिंगरीकडे होतं. पोर एकोणीस वर्षांची, पण मशीनवर बसली की हात असा फिरायचा की टोपणनाव का ठेवलं हे विचारायची गरज पडत नसे.

तिचे आजोबा समुद्रापलीकडून मजुरीला आले आणि इथलेच झाले. भिंगरी इथे जन्मली, इथली भाषा बोलली, इथल्या शिव्या शिकली. पण भाषा उचलली म्हणून काळी कातडी आणि दाट कुरळे केस थोडेच बदलतात? शाळेत तिच्या बाकावर कुणी बसत नसे. तेवढं तिने पचवलं. कारखान्यातलं मात्र पचेना.

शेजारच्या मशीनवर काजवाली बसायची. शर्टाची काजं करायची आणि नाकाने कांदे सोलायची. भिंगरी संडासला जाऊन आली की ही उठायची, पिशवीतून सुगंधी फवाऱ्याचा डबा काढायची आणि संडासाच्या दारापासून भिंगरीच्या खुर्चीपर्यंत फसफस मारत यायची. वर म्हणायची, "काय करणार बाई, या लोकांचा वासच तसला." अख्खी ओळ फिदीफिदी हसायची. एखादी हसत नसे, ती मान खाली घालून शिवत राहायची. त्याने काय फरक पडतो?

भिंगरीने यावर स्वतःच औषध शोधलं. पाणीच प्यायचं नाही. पाणी नाही तर घाम नाही, घाम नाही तर वास नाही, आणि संडासची वाट धरायलाच नको. सकाळी कोरड्या घशाने निघायची ती संध्याकाळी घरी आल्यावरच नळाखाली तोंड धरायची. डोकं ठणकायचं, ओठ फुटायचे, झोपायला आडवी झाली की छातीत मशीन चालू राहिल्यासारखं धडधडायचं. आत्याने विचारलं तर म्हणायची, "काही नाही, ऊन लागलं."

मग ताप भरला. कंबरेत कळा, आणि लघवीला बसलं की निखाऱ्यावर बसल्यासारखं. तिला लहानाची मोठी करणाऱ्या आत्याने बखोट धरून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "लघवीत पू आहे. किडनीपर्यंत पोचलंय. असंच चालू ठेवलंस तर किडनी हातची जाईल. दिवसात पाणी किती पितेस?"

"संध्याकाळी घरी आल्यावर पिते."

"कामावर संडास नाही का?"

"आहे."

"मग?"

मग सगळं बाहेर पडलं. डबा, फसफस, हसणं. आत्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे तिला फवारा मारायची लाज नाही, आणि तुला मुतायची लाज. उलटंच झालं की गं."

"आत्या, हळू बोल."

"का? डॉक्टरीणबाई मुतत नाहीत?"

डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता म्हणाल्या, "मुततात. आणि पाणी न प्यायल्याने वास जात नाही, उलट लघवी जास्त उग्र होते."

ते ऐकून भिंगरी रडली नाही. तिचं टाळकं सरकलं. त्या बयेच्या नाकाला बरं वाटावं म्हणून आपण आपली किडनी जाळत बसलो होतो.

ताप उतरला. गोळ्या अजून चालू होत्या, तरी ती कामावर गेली. मशीनशेजारी भलीमोठी बाटली ठेवली आणि सगळ्यांदेखत घटाघटा प्यायली.

"काय गं, विहीर गिळायला निघालीस?" काजवाली म्हणाली.

"हो. तुझा डबा भरलेला आहे ना? आज बऱ्याच खेपा होणारेत."

पहिल्या खेपेहून ती परतली तेव्हा काजवाली डबा घेऊन तयारच होती. भिंगरी वाटेतच उभी राहिली. "दारापासून कशाला? माझ्यापासूनच सुरू कर."

काजवालीने खरंच मारला, तोंडासमोर. भिंगरीचे डोळे चुरचुरले, ठसका लागला, पण ती तसूभर हलली नाही. या वेळी हसणं जरा विरळच आलं. भिंगरी जागेवर बसली आणि परत बाटली तोंडाला लावली.

दुसऱ्या खेपेला उठली तसा सुपरवायझर आडवा आला. "किती वेळा जाशील? शर्ट तुंबलेत."

"साहेब, किडनी माझी आहे. कारखान्याने दिलेली नाही."

"कामाचं बोल."

"कामाचंच बोलते. तो डबा इथून बाहेर जाईपर्यंत माझी प्रत्येक खेप लांबतच जाणार."

"धमकी देतेस?"

"लघवीला जातेय."

तिने आत जाऊन कडी लावली. कॉलर लागल्याशिवाय शर्ट पुढे सरकत नाही. आधी बाह्यावालीचं मशीन थांबलं, मग काजाचं, मग बटणाचं. इस्त्रीवाला मोठ्याने जांभई देताना ऐकू आला. जरा वेळाने सुपरवायझरचा आवाज आला, "तो डबा इकडे दे."

"माझ्या पैशाचा आहे तो."

"मग घरी नेऊन मार. दे म्हणतो ना."

भिंगरीला अजून जळजळ होती. थेंब थेंब उतरत होतं, डोळे मिटून घ्यावे लागत होते. दारावर थाप पडली. "अगं, घेतला डबा. झालं का तुझं?"

"होतंय," ती आतून म्हणाली. "डॉक्टरीणबाईंनी घाई करायची नाही म्हणून सांगितलंय."

डॉक्टरीणबाई असं काही म्हणाल्या नव्हत्या.