चूक सांगायला जाणाऱ्या आपा

चूक सापडली की आमच्या आपा लॅपटॉप मिटायच्या, ओढणी सारखी करायच्या आणि रिक्षाने थेट गिऱ्हाइकाच्या दारात हजर व्हायच्या. आम्ही मागून ओरडायचो, "आपा, मेल टाकू या ना!" त्या म्हणायच्या, "चूक आपली हाय ना? मग तोंडपण आपलंच दिसू दे." ज्याच्या हातून चूक झाली त्याला शेजारी बसवायच्या. रिक्षात चकार शब्दाने रागवायच्या नाहीत. "बोलनार मी. तू नुस्ती उभी रहा."

अंजूरच्या गोदामांसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवायचो. आपा मालकीण. कापडाचे लूम चालवणाऱ्या घरातल्या, इंजिनिअर झाल्या आणि हा धंदा काढून बसल्या. नव्या माणसाला त्या आधी गोदामात खोकी उचलायला पाठवायच्या, मग कॉम्प्युटर द्यायच्या. माझी कंबर धरली तेव्हा मी जाम वैतागले होते. त्यांनी हसत बाम पुढे केला. "स्क्रीनवरचं खोकं केवढं जड असतं, कळलं ना आता?"

पुढे एका बड्या गोदामाला हमालांचा रिकामा वेळ मोजणारा प्रोग्राम हवा होता. तो मी लिहिला. महिनाभरात तिथला हमाल, शेलार गावचा बाळाराम, आमच्या दारात उभा. आमच्या रिपोर्टवरून त्याला कामावरून काढलं होतं. "आपा, मी बसलेलो, खरा हाय. पन गाडीच आली नवती."

आम्ही तपासलं. मालाची गाडी ट्रॅफिकमध्ये अडकलेली, आणि तिची वाट पाहण्याचा वेळ माझ्या प्रोग्रामने हमालांच्या माथी मारलेला. आमचं निम्मं काम त्या एका गोदामाचं होतं. कुणीतरी हळूच म्हणालं, "गुपचूप दुरुस्त करू. कुणाला कळतंय?"

"बाळारामला कळलंय ना," आपा म्हणाल्या. ओढणी सारखी करून झालीसुद्धा होती.

मला रिक्षात शेजारी बसवून त्या गेल्या आणि गोदामाच्या मॅनेजरला सगळ्यांसमोर सांगितलं. बाळाराम कामावर परतला, आमचं काम मात्र सुटलं. कंपनी थोडे दिवस रडतखडत चालली, मग बंद पडली. आम्हा प्रत्येकाला कुठे ना कुठे चिकटवून दिल्यावरच आपा लेकीकडे मस्कतला गेल्या.

आता मी ऐरोलीच्या काचेच्या इमारतीत बसते. परवा आमच्या प्रोग्राममध्ये अशीच चूक निघाली. मीटिंगमध्ये ठरलं, क्लायंटने विचारलं तर बघू. सगळ्यांनी लॅपटॉप मिटले. मीही मिटला, आणि माझा हात आपोआप ओढणीकडे गेला.

"कुठे निघालीस?" टीम लीडने विचारलं.

"सांगायला."

रिक्षात शेजारची जागा रिकामी होती. आपा, तुमची फार फार आठवण आली. या वेळी बोलणार मीच होते.