‘सरी’पुढचं ‘आहे’

बंगळूरला नोकरीसाठी आले तेव्हा मला दोन गोष्टींचा माज होता: रसायनशास्त्रातल्या डॉक्टरेटचा आणि माझ्या पुणेरी मराठीचा. पहिला माज प्रयोगशाळेनं वर्षभरात उतरवला. दुसरा उतरायला पाच वर्षं लागली, आणि तोवर एका भल्या माणसाचं माझ्या हातून नुकसान होऊन गेलं होतं.

आमचं काम म्हणजे स्कॅनसाठी लागणारी किरणोत्सारी द्रव्यं शोधून काढणं आणि तयार करणं. ती शिरेतून सोडली की नेमकी गाठीच्या पेशींना जाऊन चिकटतात आणि स्कॅनरवर तेवढी जागा उजळलेली दिसते. यात वापरतो तो किरणोत्सारी फ्लोरिन दोन तासांच्या आत निम्मा उरतो, पुढच्या दोन तासांत त्याच्याही निम्मा. सकाळी सायक्लोट्रॉन या तो बनवणाऱ्या यंत्रातून निघाला की त्याच्यावरची रासायनिक क्रिया, गाळणं, तपासणं आणि रुग्णापर्यंत पोचवणं हे सगळं घड्याळाकडे बघत करायचं. आमच्याकडे ‘सावकाश’ हा शब्द चालत नाही.

तो उच्चारणारा एकच माणूस होता, आणि तोही त्याच्या भाषेत. हॉट सेल म्हणजे शिशाच्या जाड भिंतींचं कपाट, समोर शिशाची काच आणि आत यांत्रिक हात. त्या काचेपुढे अण्णा बसायचे. आमचे सगळ्यात जुने तंत्रज्ञ. निवृत्त होऊन वर्षावर्षाच्या करारावर परत आलेले. आम्ही शोधलेल्या नव्या द्रव्यातलं पाणी उडवताना आच किती आणि कधी कमी करायची हे त्यांनी पंधरा-वीस वेळा करून बसवलं होतं. शोधनिबंधात ते मी दोन ओळींत लिहिलं.

अण्णा राहायला चामराजपेटेत. घराणं मराठी, पण तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडे येऊन मुरलेलं. पहिल्याच दिवशी मी हॉट सेलजवळ गेले तशी त्यांनी हात आडवा धरला.

“अक्का, स्वल्प थांबा. आतलं बिसी आहे.”

बिसी म्हणजे कन्नडमध्ये गरम. किरणोत्सारी मालाला सगळं जग इंग्रजीत ‘हॉट’ म्हणतं, अण्णा ‘बिसी’ म्हणायचे, जणू आत सांबार उकळतंय. मला हसू आलं. आणि माझ्याहून दुप्पट वयाच्या माणसानं मला अक्का म्हणावं याचा रागही आला. “अक्का नका म्हणू हो, म्हातारी झाल्यासारखं वाटतं,” असं मी तिथल्या तिथे सुनावलं. त्या दिवसापासून मी त्यांची ‘म्याडम’ झाले. इकडे अक्का मानानं म्हणतात हे मला दोन वर्षांनी कळलं, पण तेव्हा ते परत मागायची लाज वाटली.

माझी जीभ तशी तिखटच. कॅन्टीनमध्ये पुण्या-मुंबईकडच्या आम्हा चार-पाच जणांचं टेबल होतं आणि तिथे अण्णांची नक्कल हा माझा हातखंडा प्रयोग होता. विशेषतः त्यांचं ‘सरी’. मी मान डावी-उजवीकडे डोलवून सांगायचे, “हे बघा, अण्णा ‘सरी आहे’ म्हणाले तर समजा काम झालं आणि बरोबर झालं. पण नुसतं ‘सरी’ म्हणाले, तर त्याचा अर्थ, तुमचं म्हणणं कानावर आलं, काम अजून व्हायचंय!” टेबल खदखदायचं. एकदा मागे वळून बघते तर अण्णा स्टीलच्या पेल्यात कॉफी घेऊन उभे. किती वेळ उभे होते कोण जाणे. माझ्या तोंडचं पाणी पळालं. ते मात्र हसले आणि म्हणाले, “सरी.” टेबल आणखी मोठ्यानं हसलं. मीही हसले.

हे सगळं एवढ्या तपशिलानं सांगायचं कारण पुढे येतं.

त्या सकाळी आमच्या नव्या द्रव्याच्या चाचणीसाठी बसवनगुडीच्या एक निवृत्त शिक्षिका येऊन बसल्या होत्या. आमच्या नियमानुसार आदल्या रात्रीपासून उपाशी. त्याआधीही एकदा यंत्र बिघडल्यामुळे त्यांना उपाशीच परत पाठवलं होतं. त्याच दिवशी माझ्या कामाचा आढावा घेणारी समिती यायची होती आणि माझी कायमची नेमणूक तिच्या हातात होती. मी माझ्या खोलीत स्लाइड नीट करत बसले होते. माझी खरी जागा तेव्हा हॉट सेलपाशी असायला हवी होती.

द्रव्य तयार झाल्यावर ते बारीक गाळणीतून गाळून निर्जंतुक करतात. मग त्या ओल्या गाळणीत दाबानं हवा सोडून बघायचं. ठरलेल्या दाबाच्या आधीच बुडबुडे आले तर गाळणी फाटली आहे, म्हणजे ते इंजेक्शन कुणाला द्यायचं नाही. ही तपासणी अण्णांनी करायची आणि निकाल बघून मी सही करायची. माझी सही झाल्याशिवाय द्रव्याचा शिशाचा डबा हॉट लॅबच्या माल द्यायच्या खिडकीतून हलत नाही.

स्कॅनवाल्यांचा तिसरा फोन आला तेव्हा मी वैतागून अण्णांना इंटरकॉम लावला.

“अण्णा, गाळणीची टेस्ट?”

“सरी, म्याडम.”

मी संगणकावर ‘उत्तीर्ण’ नोंदवलं, सही टाकली आणि स्कॅन विभागाला डबा न्यायला सांगितलं.

पुढचं मला नंतर नर्सनं सांगितलं. शिक्षिकाबाईंच्या हाताला सुई लागलेली होती, सिरिंज जोडायची बाकी होती, आणि दारातून अण्णा आत आले. दोन मजले जिन्यानं धावत. धाप एवढी लागलेली की बोलता येईना, नुसते हात हलवत होते. गाळणी फाटली होती. तपासणी करून त्यांनी मान वर केली तर खिडकीतला डबा गायब. बाईंना काही झालं नाही. फक्त पुन्हा एकदा उपाशीपोटी घरी जावं लागलं.

दुसऱ्या आठवड्यात चौकशी झाली. टेबलापलीकडे आमचे विभागप्रमुख आणि सुरक्षा अधिकारी, अलीकडे अण्णा आणि मी. आधी अण्णांना विचारलं गेलं की हॉट लॅबमधले बुटांवरचे कागदी मोजे न काढता ते बाहेर कसे आले. ते नियमाविरुद्ध होतंच. धावताना मोजे काढायला हवे होते असं त्या खोलीत सगळे गंभीरपणे बोलत होते, आणि मी मान डोलवत होते.

मग माझी पाळी आली. मी म्हणाले, तपासणी झाली का असं मी विचारलं आणि अण्णांनी होकार दिला. विभागप्रमुख इथलेच, कन्नड त्यांची घरची भाषा. त्यांनी चष्मा काढला आणि मला नेमकं विचारलं.

“‘सरी’ अंद्रा, ‘सरी इदे’ अंद्रा?”

नुसतं ‘सरी’ म्हणाले, की ‘सरी आहे’ म्हणाले? पाच वर्षांत तेवढं कन्नड मला समजत होतं. त्यांना दोन्हींतला फरक ठाऊक होता, आणि मलाही होता. त्या फरकावर मी कॅन्टीनमध्ये कितीतरी वेळा हशा वसूल केला होता. समितीचा निकाल अजून यायचा होता.

“सरी इदे,” मी म्हणाले.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं, मीही भांडले असते. कॅन्टीनमध्ये पेला घेऊन उभे होते तसेच ते बघत होते. मग साहेबांनी त्यांना विचारलं, हे खरं का? वीस वर्षांपूर्वीच्या बॅचचे आकडे तोंडपाठ असणारा तो माणूस म्हणाला, “नेनपिल्ला, सर.” आठवत नाही.

त्यांच्या फाइलीत निष्काळजीपणाचा शेरा पडला. करार त्या वर्षी पुढे वाढवला नाही. निरोपाला केक कापला, मी फोटोत त्यांच्या शेजारीच उभी आहे. समितीनं मला नेमणूक दिली नाही, पण नाकारलीही नाही. पुढच्या आढाव्यात बघू म्हणाले. म्हणजे इतकं करून पदरात तेही पडलं नव्हतं. हे मी हिशेबीपणानं बोलते आहे असं वाटेल, आणि मी तेव्हा तसाच विचार करत होते.

काही महिन्यांनी त्याच शिक्षिका पुन्हा आल्या आणि या वेळी स्कॅन नीट पार पडला. जाताना त्यांनी मला कन्नडमधून विचारलं, “त्या दिवशी धावत आले होते ते कुठे आहेत? त्यांना नमस्कार करायचा राहिला.” ते आता इथे नसतात, एवढंच मी सांगितलं. बाईंनी घरच्या चकल्यांचा डबा माझ्या हातात दिला, त्यांना पोचवा म्हणाल्या.

तो डबा घेऊन मी चामराजपेटेत गेले. गल्लीत रिक्षा शिरेना म्हणून शेवटचं चालत. दार अण्णांनीच उघडलं. बनियनवर होते, गडबडीनं शर्ट घालून आले. त्यांच्या बायकोनं कॉफी आणून ठेवली आणि माझ्याकडे न बघताच आत गेली. घरात सगळं माहीत होतं, हे मला तेवढ्यावरून कळलं.

मी चकल्या पुढे केल्या, बाईंचा निरोप सांगितला. मग म्हणाले, “अण्णा, तुम्ही नुसतं सरी म्हणाला होतात. मी खोटं बोलले.” हे बोलताना मी जमिनीकडे बघत होते.

“ठाऊक आहे की,” ते म्हणाले.

“मग तुम्ही सांगितलं का नाही?”

“तुमची परमनंटची गोष्ट होती. आणि तिथं बसून म्याडम खोटं बोलतात म्हणून कसं सांगू?” त्यांनी चकल्यांचा डबा बाजूला ठेवला. “काम गेलं त्याचं काही नाही, अक्का. आज ना उद्या जाणारच होतं. पण एकतीस वर्षांत एक शेरा नव्हता. तो काढायला येतो का बघा. तुम्ही लिहून दिलं तर काढतील.”

इतक्या वर्षांनी त्यांनी मला अक्का म्हटलं होतं. लिहून देते, उद्याच देते, असं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि इथे राहून इथलीच सवय लागलेल्या माझ्या जिभेवर एकच शब्द आला.

“सरी,” मी म्हणाले.

अण्णा हसले, आणि मला कॉफी निवायच्या आत प्यायला सांगितलं.

त्याला आता सात महिने झाले. पत्र लिहून तयार आहे, टेबलाच्या वरच्याच खणात. पुढच्या महिन्यात समिती परत येते आहे, तेवढं होऊ दे, मग सही करू, असं मी रोज ठरवते. नुसतं सरी म्हणजे काम अजून व्हायचंय, हे कॅन्टीनमध्ये सगळ्यांना समजावून सांगणारी मीच होते.