नाडी सैल बांध

यमुनावयनी गेल्या त्या सकाळी फोन करायचं काम माझ्याकडे आलं. माझ्या थोरल्या जाऊबाई त्या. आठ महिने मी त्यांच्या उशापायथ्याशी होते, त्यामुळे बातमी मला कोणी सांगितलीच नाही, मीच ती सगळ्यांना वाटत बसले. आधी त्यांचा मुलगा, तो न्हावा शेव्याच्या यार्डात पाळीवर गेलेला... मग गावचे, मग ओवे गावातलं त्यांचं माहेर. पाचव्या-सहाव्या फोनपर्यंत रडायचीसुद्धा ताकद उरली नव्हती, नुसतं "वयनी गेल्या" एवढंच तोंडातून निघत होतं. ओव्याला फोन त्यांच्या भावजयीने, विमलने उचलला. एक मोठा हुंदका, आणि मग म्हणाली, "साडी आमीच आणणार हां. तुमी कोन आणू नका. एकदम भारीतली आणू." सवाष्ण बाई गेली की शेवटची साडी माहेरून येते, ही रीतच आहे. मी बरं म्हटलं आणि पुढचा नंबर लावला.

वयनींचं आणि भारी साडीचं जन्माचं वाकडं होतं, हे विमललाही चांगलं ठाऊक होतं. आणि मला एक गोष्ट जास्त ठाऊक होती. महिनाभर आधी वयनींनी माझ्याकडे एक मागणं मागितलं होतं. दागिने कोणाला द्या, मुलाकडे बघा, असलं काही नाही. म्हणाल्या होत्या, "शैला, वर काय ती साडी त्या लोकांना घालू दे. खाली मना माझा परकर घाल. धुतलेला. नि नाडी सैल बांध." मी हो म्हटलं होतं. पेपरात परकराविषयी लिहायचं म्हणून हे वाक्य मी दोनदा खोडलं, मग म्हटलं राहू दे. सगळ्या बायका घालतात आणि कोणी बोलत नाही.

मी पेणची. लग्न करून पनवेलला आले तेव्हा शाळेच्या ऑफिसात नोकरी होती, पगार हातात यायचा आणि साड्यांचं भारी वेड. परकर मात्र मी बाजारातून येता येता उचलायची, रंग जुळला की झालं. लग्नाला महिनाही झाला नसेल, वयनींनी दोरीवर वाळत घातलेला माझा परकर चिमटीत धरला आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "काय गो शैला, यो परकर हाय का पोतं?" मला असा राग आला म्हणता! पण त्याच शनिवारी त्यांनी मला हाताला धरून पनवेलच्या बाजारात इस्माईलभाईंच्या दुकानात नेलं. चांगलं सुती पॉपलिन, सहा कळ्या, रुंद नेफा, आणि नाडी दोरीची नाही, दोन बोटं रुंद कापडाची. माप घ्यायला इस्माईलभाईंची बायको आतून आली. शिलाईचा आकडा ऐकून मी वयनींकडे बघितलं, तर इस्माईलभाईच हसत म्हणाले, "या भाभींची बातच अलग हाय. यांची साडी परकरापेक्षा सस्ती असते." वयनींना त्याची लाज नव्हती, उलट मान ताठ झाली. "साडी लोकांची असते, भाई," त्या म्हणाल्या. "परकर आपला."

हा त्यांचा कायदा. जे अंगाला लागतं, त्याला पैसे मोजायचे. चपला उत्तम, आतले कपडे उत्तम, ब्लाउज मापात आणि अस्तराचा. साडी, पर्स, स्वेटर, लग्नाकार्याचे कपडे हे सगळं रस्त्यावरून नाहीतर सेलमधून. पर्सवर त्यांचा विशेष राग. मी एकदा चामड्याची पर्स आणली तर म्हणाल्या, "पैसे ठेवायला एवढे पैसे घालवलेस, आता तीत ठेवणार काय?" घरात सगळे हसले, मीही हसले, आणि पर्स आणल्याचा आनंद मात्र गेला तो गेलाच. वयनींचं हे असं होतं. खरं बोलायच्या, पण बोलल्याशिवाय राहायच्या नाहीत.

हा कायदा कुठून आला ते मला फार उशिरा कळलं. एकदा त्यांची पाठ धरली होती, मी तेल चोळत होते, तर कमरेभोवती एक काळा कुळकुळीत वळ दिसला. तो आपल्या सगळ्या बायकांना असतो थोडाफार. त्यांचा मात्र खोल होता, बोट टेकवलं तर आत बसेल असा. मी विचारलं तर म्हणाल्या, मिठागर. लहानपणी ओव्याहून आईबरोबर मिठागरावर कामाला जायच्या. खारं पाणी गुडघ्यापर्यंत, कपडे खाऱ्या पाण्याने भिजून कडक झालेले, आणि परकराला सुतळीची नाडी. ती दिवसभर कापायची, कापलेल्या जागी मीठ जायचं. "दिवसभर वाकून मीठ ओढायचं नि घरी येऊन आधी नाडी सोडायची," त्या म्हणाल्या. "तवाच ठरवलं, पैसे आले की आधी कमरेला." एवढंच. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

पैसे आले. सगळ्यांच्याच जमिनी गेल्या, त्यांचे आले. घरोघरी पैठण्या आल्या, एकेकीच्या गळ्यात सोनं मावेना. मुलाच्या हळदीला आम्ही सगळ्या बायकांनी एकसारख्या साड्या घेतल्या, आणि वरमाय मात्र कुठल्याशा सेलमधली लाल साडी नेसून उभी. विमल भर मांडवात म्हणाली, "वरमाय हाय का भांडीवाली?" वयनी हसल्या. पण त्यांच्या पाठीमागे मी उभी होते, त्यांचे कान लाल झालेले मला दिसले. पुढची गंमत म्हणजे नाचून नाचून घाम आला आणि त्या साडीचा रंग गेला. त्यांचा तो भारीतला पांढरा परकर गुलाबी झाला, पोटऱ्यासुद्धा गुलाबी. मी म्हटलं, "वयनी, स्वस्तात घ्यायचं म्हणून इतकं?" तर म्हणाल्या, "गेला तर रंग गेला, कंबर तर नाय गेली." आणि पुन्हा नाचायला गेल्या. आम्ही सगळ्या तोपर्यंत खुर्च्यांवर बसून, पदराआड हात घालून नाड्या सैल करत होतो.

त्या नेहमी बरोबर होत्या असं मी म्हणणार नाही. माझ्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा मला एक पैठणी घ्यायची होती. मोरपंखी. दुकानात अंगावर टाकून आरशात बघितली, आणि वयनी शेजारून म्हणाल्या, "किती वेळा नेसशील?" झालं. माझं मन उतरलं, दुकानदाराचं तोंड उतरलं, आम्ही घरी आलो. मला ती पैठणी लोकांसाठी नको होती, वयनी. माझ्यासाठीच हवी होती. हे मी त्यांना शेवटपर्यंत बोलले नाही, आणि आता कोणाला बोलू?

गेल्या वर्षी त्यांच्या पोटात पाणी भरायला लागलं. लिव्हर. डॉक्टर पाणी काढायचे, आठ-दहा दिवसांत पोट पुन्हा तट्ट व्हायचं. मी म्हटलं गाऊन घाला, तर म्हणाल्या, "गावन घालून मरू काय मी?" मग त्यांचे परकर घेऊन मी इस्माईलभाईंकडे गेले आणि कागदावर नवं माप लिहून दिलं. त्यांनी ते बघितलं आणि परत माझ्या हातात ठेवलं. "तुमची गलती झाली. यमुनाभाभीचं माप मला तोंडपाठ हाय, हे त्यांचं नाय." मी म्हटलं, "त्यांचंच आहे, भाई." त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "उद्या न्या." त्यानंतर प्रत्येक वेळी दुकान गाठायला मला जमेना, म्हणून मी घरच्या मशीनवरच एकेका परकराला कळी लावत गेले. एकाला दोन, मग तीन. कापड जुळलं नाही की दुसरं लावायचे. शेवटचा परकर तर नुसता ठिगळांचा झाला होता. पण तोच त्यांना सगळ्यात आवडायचा, धुऊन धुऊन मऊ झालेला. तोच घाल म्हणाल्या होत्या.

त्या महिन्यांविषयी फार लिहवत नाही. शाळा, डबे, दवाखाना, पुन्हा शाळा. त्यांची सून बाळंतपणाला माहेरी. पनवेलजवळ रोडपालीला आमच्या इमारतीत वर आम्ही, खाली वयनी आणि भाऊ, म्हणजे माझे थोरले दीर. जिना चढता-उतरता माझे गुडघे गेले. कधी कधी वाटायचं, हे आता संपू दे... आणि लगेच स्वतःची शरम वाटायची. खोटं कशाला बोलू, वाटायचं.

त्या सकाळी मी तो परकर काढून, इस्त्री करून खुर्चीवर ठेवला होता. साडी यायची वाट बघत सगळे बसलेले. दुकानं उघडेपर्यंत साडी कुठून येणार? मग विमलने दुकानातून माझ्या मोबाईलवर फोटो पाठवायला सुरुवात केली. ही हिरवी चालेल का, का ती काठाची, का बुट्ट्यांची. समोर वयनी झोपलेल्या, आणि मी अंगठ्याने फोटो सरकवत होते. शेवटी लिहिलं, कुठलीही आणा. अकराच्या सुमाराला ती आली, हिरवा शालू आणि त्यावर जुळणारा चकचकीत सॅटिनचा रेडिमेड परकर. बायकांनी अंघोळीचं पाणी काढलं. कोणीतरी मला म्हणालं, शैला, तू उभी राहू शकत नाहीस, दोन घोट चहा घेऊन ये. मी गेले. खरंच, दोन घोटच.

परत आले तर मोरीच्या दाराशी तो ठिगळांचा परकर ओला पडला होता. पाणी सांडलं म्हणून कोणीतरी त्यानेच लादी पुसली होती. कोणाचा दोष नाही, बघणाऱ्याला ते फडकंच वाटणार. वयनी तयार होत्या. विमल सॅटिनच्या परकराची नाडी ओढून दुसरी गाठ मारत होती, "सुटायला नको," म्हणत. दोरीची नाडी. बारीक. गाठीखाली कातडी दबलेली मला दिसली. कपाट दोन पावलांवर होतं, आत त्यांचे अकरा परकर घडी घालून ठेवलेले. मला फक्त "थांबा" म्हणायचं होतं. तोंड उघडलंसुद्धा. विमलने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आता तिला काय कलतंय, शैलावयनी?" बाहेरून पुरुष आटपा आटपा म्हणत होते. मी फार दमले होते. मी पुढे झाले, निऱ्या नीट केल्या आणि गाठीवर पदर ओढला. बायका म्हणाल्या, कशी लक्ष्मी दिसते. दिसतही होत्या.

तेराव्यानंतर एका दुपारी भाऊंना जेवायला वाढत होते. तेरा दिवस ते नुसते भात चिवडून उठायचे. मान वर न करता त्यांनी विचारलं, "शैला, तिचा परकर घातलास ना गो? ती मना पण सांगून गेली व्हती."

"हो भाऊ. घातला."

"नि नाडी?"

"सैल बांधली."

त्यांनी मान हलवली आणि त्या दिवशी पहिल्यांदा भाकरी मागून घेतली. अर्धी अजून घेतली. मला वाटलं, बरं केलं मी. तेव्हापासून घरी भेटायला कोणीही येवो, पाहुणा असो की शेजारी, भाऊ त्याला सांगतात, "शैलानं तिच्या मनासारखं केलं सगळं." मी तिथे चहाचे कप घेऊन उभी असते. पहिल्या वेळी डोळे भरून आले. दुसऱ्या वेळी कप ठेवून आत गेले. आता पायरीवर त्यांचा आवाज ऐकला तरी माझे पाय जड होतात. माणूस गेल्याचं दुःख करायला बसावं तर आधी हे येऊन बसतं. वयनींची आठवण काढायची तर त्यांच्या कमरेची गाठच दिसते, हसणं दिसत नाही, लाल साडीतला नाच दिसत नाही.

तोंडाने सांगणं मला जमलं नाही, तीनदा ठरवून जमलं नाही. पुरवणीवाल्यांनी वयनींवर लिहा म्हटलं तेव्हा मी लगेच हो म्हणाले, त्याचं कारण हे आहे. भाऊ रविवारी पेपर उघडतात ते आधी पुरवणी काढतात, चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात.

भाऊ, मी घातला नाही. नाडी घट्ट होती. मी बघितली आणि पदर ओढला.

तुमचं वाचून झालं की जिन्यातून हाक मारा. काय बोलायचं ते बोला. मी आज कुठे जाणार नाही, वरच आहे.