शून्य गुणांचं घर

कचरा रोज सकाळी गाडी घेऊन जाते, किस्से मात्र घरातच राहतात. सांगलीहून लग्न होऊन कुंभकोणमला आले, त्याला वीस वर्षं झाली. पण या एका वर्षात जेवढे साठलेत तेवढे कधी साठले नव्हते. डोकं फिरायच्या आत सांगून टाकते.

*

आमच्या गल्लीत बक्षीस योजना आली. सुका कचरा घरीच वेगळा करायचा. गाडीवरची सेल्वी तो काट्याला लावणार, आणि जितकं वजन तितके गुण! समोरचे राममूर्ती पहिले आले. तिरुनागेश्वरम्‌ला पुतण्याचं लग्न होतं, तिथल्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्या डिकी भरून घेऊन आले होते. कोपऱ्यावरच्या फलकावर आता त्यांचा फोटो आहे, खाली 'निसर्गमित्र'. येता-जाता बघावा लागतो.

*

आमच्या सासूबाई शहात्तर वर्षांच्या. दूध स्टीलच्या डब्यात, भाजी कापडी पिशवीत, कॉफीचा चोथा आणि सालं कढीपत्त्याला. जुन्या लुगड्यांच्या पिशव्या, तेलाच्या डब्यात तुळस. सेल्वी दारात येऊन विचारायची, "पाटी, कुप्पै?" आजी, कचरा आहे का? सासूबाई रिकामे हात दाखवायच्या.

तीन महिने शून्य गुण. मग दारावर लाल स्टिकर लागला, 'सहकार्य नाही'. देवळात जाणारी-येणारी माणसं थांबून वाचायची. सासूबाईंनी संध्याकाळी ओट्यावर बसणंच सोडलं. चाळीस वर्षांची सवय! मला इतका संताप आला की भात करपला.

*

तडक योजनेच्या ऑफिसात गेले. क्लार्क म्हणाला, "शून्य म्हणजे तुम्ही कचरा नाल्यात टाकता."

म्हटलं, "आमच्याकडे कचरा होतच नाही."

त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. "तसा पर्याय नाही, मॅडम. बिस्किटांचे चार पुडे आणा ना."

त्याच्या टेबलावरचा पेपरवेट मी उचलला नाही, एवढंच माझं पुण्य.

*

राममूर्तींच्या बायकोला दया आली. चिप्सच्या रिकाम्या पाकिटांची पिशवी घेऊन आली. "मामी, तुमच्या नावावर घाला. आमच्याकडे पुष्कळ आहेत."

सासूबाईंनी तिला कॉफी दिली आणि पिशवी तिच्याच हातात परत ठेवली. ती गेल्यावर मला त्यांच्या तंजावरी मराठीत म्हणाल्या, "जेवलेलें पान शेजारीं वाढतात कां गे?" आणि आत जाऊन रडल्या. वीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना रडताना पाहिलं.

*

मग नोटीस आली. 'सात दिवसांत कचरा सादर करावा.' पावसात भिजू नये म्हणून लॅमिनेट केलेली!

सासूबाईंनी ती दोनदा वाचून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी दारावरचा लाल स्टिकर नखाने खरवडून काढला, नोटिशीवर ठेवला आणि दोन्ही गोष्टी सेल्वीला दिल्या. "घे. आमच्या घरचा कचरा."

काटा हलेना. सेल्वीने इकडेतिकडे पाहिलं, हुकाला बोट लावून जरासं खाली ओढलं आणि आकडा टिपून घेतला.

पुढच्या आठवड्यात योजनेचा माणूस आला आणि दारावर हिरवा स्टिकर लावून गेला. 'सहकार्याबद्दल अभिनंदन.' मला हसावं की भांडावं कळेना. तेवढ्यात कोपऱ्यावर गाडीची घंटा वाजली. सासूबाई बाहेर आल्या, स्टिकर उकलला आणि ओट्यावर ऐसपैस बसून हाक मारली,

"सेल्वी, थांब. हा आजचा."