बेटावरचा कवड्या

दादाला सापाचं नाव विचारलं की तो मान फिरवायचा. गोठ्यात साधी धामण निघाली, सगळी आळी गोळा झाली, तरी हा आपला म्हणायचा, "मारायचा तर मारा, सोडायचा तर सोडा. मला विचारू नका." अंदमानात जंगलखात्यात कारकुनी करून आलेला माझा थोरला भाऊ, आणि धामणीला धामण म्हणायला त्याची जीभ रेटेना! आमच्या कोल्हार गावात लोक हसत. मीही हसायचे.

बेटावरच्या गप्पा मात्र रंगवून सांगायचा. फांदीवर दिवसभर पानासारखा पडून राहणारा हिरवा साप, समुद्रातून येऊन खडकात झोपणारा पट्टेरी साप. "कुसे, बेटाचे साप बेटाचेच. आपल्याकडची ओळख तिथं चालत नाही," असं म्हणून मध्येच विषय बदलायचा.

लढाईत जपानी बेटावर यायच्या आत तो बोटीनं निघाला आणि आमच्याकडेच येऊन राहिला. शेजारच्या सोनूबाईचा धाकटा भाऊ विष्णू मात्र आला नाही. माझ्याच शब्दावर दादानं त्याला शिपाई म्हणून नेलं होतं, आणि त्याची खबर यायची ती दादाच्याच पत्रातून. "तो मागं राहिला," एवढंच दादा म्हणाला. बेटाचं टपाल बंद, त्यामुळं ते खपून गेलं. नागपंचमीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी भावाचा उपास धरायचो. सोनूबाई म्हणायची, "तुमचा आला, ताई. माझा बी यील. उपास हाय ना माझा." हे ऐकलं की दादा उठून नदीकडे चालू लागायचा.

लढाई संपली. बेटावरची माणसं परतू लागल्याचं कळलं, तशी सोनूबाईनं विष्णूसाठी नवी घोंगडी आणली. त्या श्रावणात, उपासाच्याच दिवशी सकाळी, दादा तिच्या ओट्यापाशी जाऊन उभा राहिला. मी मागं होते.

"सोनूबाई, विष्णू नाही. मी इकडं यायच्या आधीच्या श्रावणात गेला. पंचमीला खोपटात पट्ट्यापट्ट्यांचा साप निघाला. विष्णूनं काठी उगारली, मी हात धरला. म्हटलं, कवड्या आहे, विषारी नसतो, सणाचा मारू नकोस. साप छपरात शिरला. तो कवड्या नव्हता, तिथली मण्यार होती. रात्री झोपेत तीच डसली. दुसऱ्या दिवशी विष्णू अंथरुणातून उठलाच नाही."

सोनूबाईनं विचारलं, "मंग इतकी वर्सं मला कुनाचा उपास धरू दिलात?"

ती आत गेली, शिळी भाकरी आणि ठेचा घेऊन आली, आणि ओट्यावर बसून आमच्यासमोर खाऊ लागली. रडली नाही. भाकरी संपवूनच उठली.

घरी आल्यावर दादानं स्वतः माझं ताट वाढलं. "तूही जेव, कुसे. माझ्यासाठी धरू नकोस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण ताट मी बाजूला सरकवलं. कसाही असला तरी भाऊ होता माझा, आणि जिवंत होता.

दादा पुढं पुष्कळ वर्षं जगला. सापाचं नाव त्यानं कधीच घेतलं नाही. आणि मी दर श्रावणात त्याचा उपास धरत राहिले, पण माजघराचं दार लावून, सोनूबाईला कळू नये म्हणून.