चंद्रहासकाकाची बिनक्लचची गाडी

आमच्या चंद्रहासकाकाचा बाटलीवर फार विश्वास. गैरसमज नको, दारूला तो शिवतही नाही. त्याची भक्ती औषधाच्या बाटलीवर. वसईत समुद्राच्या बाजूला आमची वाडी आहे, त्यात सोनचाफा, केळी आणि थोडी भाजी. केळीचं पान पिवळं दिसलं की काका आधी बाटली आणतो आणि मग केळीला काय झालंय ते बघतो. केसांना बाटली, गुडघ्याला बाटली, विहिरीवरच्या पंपालासुद्धा बाटली. केस गेले, गुडघा दुखतो, पंप शेवटी बाबांनी नवा घेतला. काकाच्या विश्वासाला मात्र आजवर कसलंही औषध लागलेलं नाही.

काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. वय अठ्ठावन्न, लग्न केलं नाही. 'केलं नाही' हे त्याचं म्हणणं, 'जमलं नाही' हे बाकी सगळ्यांचं. घरातल्या प्रत्येक कार्यात त्याला एक मानाचं काम ठरलेलं असायचं, ते म्हणजे पाण्याच्या जारवर लक्ष ठेवणं. आम्हा भावंडांची बारशी, मुंजी, साखरपुडे त्याने जारजवळ उभं राहून पाहिले. आमच्या घरच्या अल्बममध्ये काका शोधायचा असेल तर आधी निळा जार शोधावा लागतो.

मग त्याने एक जुनी गाडी घेतली आणि शेजारच्या आळीतल्या कुणाच्या तरी वरातीला नेली. वाडीतल्याच सोनचाफ्याने ती अशी काही सजवली की पुढच्या आठवड्यात दुसरं बोलावणं आलं. पेट्रोल टाका, बाकी मला काही नको, असं म्हणणारा माणूस गावाला न आवडून सांगतो कुणाला. वर्षभरात तो 'वरातवाले चंद्रहास' झाला. गाडी चालवणाऱ्यालाही फेटा बांधतात, हे त्याला तेव्हा कळलं. त्याआधी त्याच्या डोक्याला कुणी फेटा बांधला नव्हता. कार्य संपलं तरी तो फेटा घरी येईपर्यंत काढायचा नाही, आणि घरी आल्यावर आरशासमोर काढायचा.

वरात कशी चालते ते सांगायला नको. पुढे बँड, मग नाचणारे, मागे गाडी. गाडीचा वेग ठरवतो तो नाचणारा मामा. अर्ध्या किलोमीटरला दोन तास, आणि तेवढा वेळ चालवणाऱ्याचा पाय क्लचवर अर्धा दाबलेला. सहाव्या की सातव्या वरातीत त्या गाडीचा क्लच जळला. वास इतका सुटला की वऱ्हाडी मांडवात आग शोधत फिरले.

काकाने यातून धडा घेतला. त्याने ती गाडी विकून पंधरा वर्षांची पांढरी ऑटोमॅटिक आणली. त्याचं म्हणणं सरळ होतं. वरातीत जळतो तो क्लच. या गाडीत क्लचचं पेडलच नाही. म्हणजे जळायला काही उरलंच नाही. एवढी साधी गोष्ट बाकीच्या वरातवाल्यांना कळत नाही, याचं त्याला मनापासून वाईट वाटायचं.

दोन वर्षं बरी गेली. तिसऱ्या वर्षी गाडी विचार करायला लागली. काका अॅक्सिलरेटर दाबायचा, इंजिन ओरडायचं, गाडी क्षणभर जागेवरच राहायची आणि मग पटलं तर निघायची. दुसऱ्या कुणी मेकॅनिक गाठला असता. काकाने दुकान गाठलं. तिथे त्याला सोनेरी झाकणाची 'गिअर अमृत' नावाची बाटली मिळाली. झटके बंद, घसरण बंद, गिअरबॉक्स पुन्हा तरुण, असं वर लिहिलेलं. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला आणखी काय वाचायचं असतं. गिअरबॉक्सच्या तेलात त्याने ती ओतली आणि दुर्दैवाने गाडी पंधरा दिवस खरोखरच सुधारली. ती सुधारली नसती तर पुढच्या दोन बाटल्या आल्या नसत्या.

याच सुमाराला माझं लग्न ठरलं. नवरा सिद्धेश, गाव कळंब. लग्न वसईच्या हॉलमध्ये आणि वरात कळंबच्या वेशीपासून त्यांच्या घरापर्यंत. गाडी कुणाची हा प्रश्नच नव्हता. लग्नाला आठ दिवस उरले असताना बांगड्या घ्यायला मी काकाबरोबर निघाले, आणि चढावर आम्हाला एका सायकलवाल्याने मागे टाकलं. त्याने जाताना वळून बघितलंही. मी तिथूनच काकाला गॅब्रिएलच्या गॅरेजकडे वळवलं.

गॅब्रिएलला ऑटोमॅटिक गाड्यांचं सगळं कळतं आणि गोड बोलणं मुळीच कळत नाही. त्याने तेलात बुडवलेली पट्टी बाहेर ओढली आणि पांढऱ्या फडक्याला पुसून आमच्यापुढे धरली. ते तेल लालबुंद असायला हवं. आमचं कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं आणि त्याला जळका वास येत होता.

"काय घातलंय ह्यात?"

"अमृत," काका म्हणाला.

"किती?"

"तीन बाटल्या. चौथी डिकीत आहे."

गॅब्रिएलने फडकं खाली ठेवलं. "भाऊ, ह्या गाडीत पण क्लच आहेत. आत, गिअरबॉक्समधे. पायाला लागत नाय म्हणून ते नाहीत असं नाय. तू वरातीत गाडी मुंगीसारखी चालवतोस, ब्रेकवर धरून ठेवतोस. गाडी उभी, पण आत तेल घुसळतंय, तापतंय. तेल करपलं की क्लच घसरतात. भात करपलाय, आता वर तूप कशाला वाढतोस?"

"पण पहिल्या बाटलीने फरक पडला होता."

"पडतो. आतली रबरं जरा फुगतात, पंधरा दिवस बरं वाटतं. जळलेली प्लेट काय बाटलीतून परत येत नाय. आणि आधीचं काढलं नाय, तीन बाटल्या वरनं ओतल्या. लेव्हल कुठं गेली बघ. फेस होतोय आत." मग तो माझ्याकडे वळला. "पोरी, गिअरबॉक्स उघडायला लागेल. सामान यायला तीन आठवडे. वरातीला ही गाडी नेऊ नको."

काकाने ती पट्टी पुसली आणि होती तिथे परत घातली, जरा जास्तच सावकाश.

खरं तर मी घरी जाऊन बाबांना सांगायला हवं होतं. सिद्धेशच्या चंदनसारच्या मित्राकडे नवीकोरी मोठी गाडी होती आणि तो ती द्यायला एका पायावर तयार होता. पण बाबा पुढे काय म्हणाले असते ते मला तिथेच ऐकू आलं. "बरं झालं. चंद्रहास, मग तू पाण्याचं बघ." बाबा वाईट नाहीत. त्यांना यात काही वाईट आहे हेच कळलं नसतं. मी गप्प बसले. माझ्या आयुष्यातला हा एकमेव त्याग, आणि तो मी स्वतःची वरात पणाला लावून केला.

गॅब्रिएलने निदान ते करपलेलं सगळं काढून नवं लाल तेल खुणेपर्यंत भरलं. हे औषध नाय, जळलेल्या प्लेटा नव्या तेलात जास्तच घसरतात, ह्यानं गाडी कदाचित लवकरच बसेल, असा आशीर्वादही दिला. चौथी बाटली घालणार नाही, असं काकाने मला वचन दिलं. लग्नाच्या सकाळी त्याच्या बोटांना बाटलीतला तो ओळखीचा वास येत होता.

मे महिना, दुपारचे साडेचार. हॉलवरून निघताना मी रडले नाही, मेकअपवाली समोरच उभी होती. कळंबपर्यंत गाडी शहाण्यासारखी आली. वेशीवर बँड लागला, सिद्धेशचे मामा नाचायला उतरले आणि आम्ही मुंगी झालो. काकाची नजर नेहमीसारखी ढोलवाल्याच्या पाठीवर. चालवणाऱ्याने नवरीकडे बघायचं नसतं, हा त्याचा नियम, आणि सख्ख्या पुतणीलाही त्यातून सूट नव्हती.

निम्म्या वाटेवर, सुरूच्या झाडांपाशी, इंजिन ओरडलं आणि गाडी हलली नाही. काकाने गिअरची दांडी पुढच्या सगळ्या खुणांवर नेऊन पाहिली. काही नाही. बँड वाजवत पुढे गेला, नाचणारे पुढे गेले, आणि रिकाम्या रस्त्यावर आम्ही तिघं सोनचाफ्यात बसून राहिलो. आरशात मला काकाचा चेहरा दिसला. तो माणूस निळ्या जारकडे बघत होता, मला दुसरं काही सुचत नाही.

तेवढ्यात त्याने काय मनात आणून कोण जाणे, रिव्हर्स टाकला. गाडी मागे सरकली, चांगली, एक गचका न देता. रिव्हर्सला वेगळा क्लच असतो. वरातीत त्याला काही काम पडत नाही, म्हणून तो वाचला होता.

लोक परत आले. कुणी म्हणालं, ढकलत नेऊ. सिद्धेश म्हणाला, आपण चालत जाऊ. काका गाडीतून उतरला आणि फेटा सारखा केला. "ढकललेल्या गाडीतून माझी सुरुची सासरी जायची नाही. फक्त वळवायला हात लावा." सिद्धेशने माझ्याकडे पाहिलं. मी बसूनच राहिले. चौघांनी एका वाडीच्या फाटकात गाडी फिरवून दिली, आता तिचं तोंड वसईकडे आणि पाठ सासरच्या घराकडे.

सिद्धेशची अनसूयाआत्या, त्या घरातली सगळ्यात मोठी, भाकरतुकडा घेऊन दारात उभी होती. ती तरातरा चालत आली. "अशी वरात कोनी पायली हाय का? तोंड माहेराकडं आनि पाठ सासराला?"

"पोचल्याशी कारण, आत्या," काका म्हणाला. तिला अजिबात पटलं नाही, पण बँड सुरू झाला होता.

मागच्या काचेवरच्या माळा काकाने स्वतः काढल्या. डावा हात सीटवर टाकून, मान वळवून, आमच्या दोघांच्या मधून तो मागचा रस्ता बघायला लागला. आणि त्या रस्त्याच्या अलीकडे मी होते. इतक्या वर्षांत त्याने किती नवऱ्या पोचवल्या असतील, एकीचाही चेहरा धड पाहिला नसेल. आता अडीचशे मीटर, मुंगीच्या पावलांनी, आम्ही समोरासमोर. त्याचे डोळे भरले होते.

"काका, मागचं दिसतंय ना?"

"सगळं दिसतंय, बाय."

तेव्हा मी रडले. हॉलवरचं राहिलेलं सगळं रडले. अनसूयाआत्या बरोबर म्हणाली होती, माझं तोंड माहेराकडे होतं. सासरच्या दारापर्यंत माझं माहेर फेटा घालून माझ्यासमोर बसलं होतं, आणि इतकं बरं मला त्या अख्ख्या दिवसात वाटलं नव्हतं.

गाडी आता गॅब्रिएलकडे उघडून पडली आहे. गेल्या रविवारी आम्ही दोघं बघायला गेलो. गॅब्रिएलने काळ्या पडलेल्या प्लेटा परातीत मांडून दाखवल्या. काकाने त्या नीट पाहिल्या आणि म्हणाला, "चौथी बाटली मी सकाळीच घातली होती. म्हणून तर रिव्हर्स टिकला." गॅब्रिएलने हातातला पाना खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी शिकलेली, मला सगळं समजावून सांगितलेलं. मी म्हटलं, "बाटलीमुळेच."

लग्नाचा अल्बम आला. फोटोग्राफर गाडीच्या मागे होता, म्हणजे त्या दिवशीच्या हिशेबाने पुढे. त्याने मागच्या काचेतून एक फोटो काढलाय. दोन्ही बाजूंना माझ्या आणि सिद्धेशच्या डोक्यांच्या पाठी, आणि मधोमध तुरा वाकडा झालेला काका, अगदी समोरून. नवरा-नवरीची तोंडंच नाहीत, हा काढून टाका, असं सासूबाई म्हणाल्या. मी तो पहिल्या पानावर लावलाय. या अल्बममध्ये काकाला शोधायला जार लागत नाही.