चौथी प्लेट

शेजारच्या टेबलावर आई, बाबा, आजी आणि चारेक वर्षांची एक मुलगी येऊन बसली. वेटरनं चार प्लेटा मांडल्या. आईनं लगेच एक उचलून त्याच्या हातात परत दिली. "हिला नको. घरून वरणभात भरवूनच आणलंय हिला."

आपल्याकडे आता ही रीतच झाली आहे. मुलांचं आधी घरी उरकायचं, म्हणजे हॉटेलात मोठ्यांना निवांत जेवता येतं.

मुलीनं प्लेटच्या रिकाम्या जागी कागदी रुमाल पसरला, त्यावर कांद्याची एक चकती ठेवली आणि म्हणाली, "बाबा, आज ना आमच्या शाळेत..."

"हे बघ, तुझं कार्टून लागलं," म्हणत बाबांनी पाण्याच्या जगला टेकवून मोबाइल उभा केला.

ती बघत राहिली. मला वाटलं, आता तरी ही माणसं एकमेकांशी बोलतील. एवढ्यासाठीच तर पोरीला गप्प केलं होतं! पण भाजी थोडी तिखट आहे, यापलीकडे कुणाकडे काही नव्हतंच. चारचौघांत जेवता जेवता बोलायला यांनाही कधी कुणी बसवलं नसेल. हिलाही कुणी बसवणार नाही, आणि पुढे हिच्या मुलांना ही तरी काय शिकवणार?

शेवटी लिंबू घातलेल्या कोमट पाण्याच्या वाट्या आल्या. तीनच होत्या. आजीचे हात धुऊन झाल्यावर मुलीनं आपली कोरडी, स्वच्छ बोटं त्याच वाटीत बुडवली आणि जेवण झाल्यासारखी नीट पुसली.